बंद खाणीची साक्ष

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, व्हर्मिलियन सरोवराच्या काठी, सूदान नावाची लोहखनिजाची जुनी खाण आहे. १८६५-६६ मध्ये सोन्याच्या आशेने माणसे या परिसरात धावली. सोने फारसे लाभले नाही. लोहखनिज मात्र होते. १८६६ च्या तहाने ओजिब्वे आदिवासींच्या बॉईस फोर्ट गटाला येथील भूमीवरील हक्क सोडावा लागला. पुढे फिलाडेल्फियाचे धनिक शार्लमेन टॉवर यांच्या भांडवलावर खाण सुरू झाली आणि १८८४ साली पहिले खनिज रेल्वेने सुपीरियर सरोवराच्या बंदराकडे निघाले.

आरंभी उघड्यावर चाललेले काम पुढे भूगर्भात शिरले व २,३४१ फूट खोल गेले. कॉर्निश, स्वीडिश, फिनिश, स्लोव्हेनियन, इटालियन अशा परदेशांतून आलेल्या मजुरांनी तेथे आयुष्य वेचले. १९६२ च्या डिसेंबरात खाण बंद झाली. खनिज संपले नव्हते. पोलादाच्या बदलत्या तंत्राला टॅकोनाइटच्या गोळ्या अधिक सोयीच्या ठरल्या. कंपनीने ती राज्याला दिली, तिचे उद्यान झाले. पुढे त्याच पाताळात पदार्थवैज्ञानिकांची प्रयोगशाळाही चालली.

अशी स्थळे जतन होतात, हे स्तुत्यच आहे. परंतु इतिहासात भांडवलदाराचे नाव सहज राहते. भूमी कोणाची होती व घाम कोणाचा होता, हे मुद्दाम विचारावे लागते. सहलीला नेलेल्या आपल्या मुलांना हे दोन प्रश्न विचारायला शिकविणे, हे आम्ही आंबेडकरी पालकांचे कर्तव्य मानतो.

बाबासाहेबांनी हाच प्रश्न सत्तास्थानी बसून विचारला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना, १९४३ च्या डिसेंबरात त्यांनी धनबादच्या कोळसा खाणी स्वतः पाहिल्या. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतीकाळातील संरक्षणासाठीही त्यांनी कायद्यात सुधारणा घडविल्या.

आणि आपण? आपल्या वडीलधाऱ्यांनी गिरणीत, रेल्वेत, खाणीत, रस्त्यावर राबून आपल्याला शिकविले. तरीही परदेशी जन्मलेल्या मुलांना आपण पदव्या सांगतो, ते कष्ट सांगत नाही. यामागे संकोच असेल, तर तो अनाठायी आहे. श्रम कधीच लाजिरवाणे नव्हते. लाजिरवाणी होती ती जन्मावरून श्रम लादणारी व्यवस्था. आणि ती लाज लादणाऱ्यांची आहे, राबणाऱ्यांची नव्हे.

सूदानची खाण जपायला राज्य सरकार पुढे आले. आपल्या आजोबांची हकिकत जपायला कोणी येणार नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाने वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांचे गाव, काम, मजुरी आणि संघर्ष लिहून ठेवावा. पुढील स्मरणिकेची पाने त्यासाठीच राखली जावीत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

जय भीम!