बुडालेल्या रोजाचा हिशेब

भातकापणीच्या दिवसांत दुखणे अंगावर काढले जाते, हे जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्यात कुणाला वेगळे सांगायला नको. बाहेरची माणसे त्याला निष्काळजीपणा म्हणतात. आमच्या मते तो हिशेब आहे, आणि यंदाच्या अंकाच्या आरंभी तोच मांडावासा वाटतो. रोजगार हमीची कर्नाटकातली मजुरी 2025-26 साठी दिवसाला 370 रुपये होती. रुग्णासोबत कुणीतरी लागतेच. म्हणजे जोयड्याला, दांडेलीला किंवा अणशी घाट उतरून कारवारला जाऊन यायचे, तर तपासणी फुकट असली तरी त्या दराने दोघांचा मिळून 740 रुपयांचा रोज बुडाला. रक्ताचा अहवाल न्यायला पुन्हा बोलावले की आणखी एक दिवस गेला. जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे बायकांचे बसभाडे वाचले, ही मोठीच सोय झाली. पण वाडीपासून बसथांब्यापर्यंतची वाट आणि बुडालेला दिवस त्या तिकिटात येत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2018 पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. मात्र या आकड्यात बुडालेली मजुरी धरलेली नसते. शिवाय विमा योजनेचा भर दवाखान्यात भरती होण्यावर आहे, आणि रक्तदाब, मधुमेह, दमा ही दुखणी भरतीविनाच वर्षानुवर्षे घरात राहतात. गोळ्या चुकल्या म्हणून पक्षाघात झाला, तर त्या उपचाराचा खर्च योजना उचलते. गोळ्या आणायला जाण्याचा खर्च कुणीच उचलत नाही. या उलट्या क्रमात पैसा जास्त जातो आणि माणूसही अधू होतो.

सगळे फुकट दिले तर लोक उगाच दवाखान्यात गर्दी करतील, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. अमेरिकेत 1974 ते 1982 या काळात रँड संस्थेने कुटुंबांना वेगवेगळ्या अटींचा विमा देऊन हे तपासले. ज्यांना खर्चाचा वाटा भरावा लागला, ती कुटुंबे दवाखान्यात कमी गेली. पण त्यांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही टाळले, आणि गरीब व आधीच रक्तदाब असलेल्यांना फुकट उपचारांचा स्पष्ट फायदा झाला. अंतर हीसुद्धा एक फीच आहे, आणि साध्या सर्दीला नि छातीतल्या कळेला ती सारखीच लागते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने 1 जानेवारी 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा त्यावर बोलता आले, कारण त्याची पावती मिळते. अंतराच्या फीची पावती कुणी फाडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. 2011 च्या जनगणनेत जोयडा तालुक्याची वस्ती सुमारे 52 हजार, तीही चौरस किलोमीटरला तीसहून कमी. एवढ्या विरळ वस्तीला दवाखाने परवडायचे कसे? मोठे इस्पितळ इथे चालणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. कारवारला 2016 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, आता जिल्ह्यात सुपर स्पेशालिटी इस्पितळ हवे, ही मागणीही रास्त आहे. पण ही विरळ वस्ती नुसती निसर्गाची करणी नाही. सुपा धरणाने तालुक्याचे जुने मुख्य गावच पाण्याखाली घेतले, आणि काळी व्याघ्र प्रकल्पासाठी जंगल राखले गेले. वीज राज्याला मिळाली, जंगल देशाचे राहिले, लांबची वाट मात्र इथल्यांच्या वाट्याला आली. तेव्हा त्या वाटेचा खर्च राज्याने उचलणे हे देणे फेडणे आहे, उपकार नव्हे. त्यासाठी फार मोठे काही लागत नाही: ठरलेल्या वारी वाडीवर येणारी डॉक्टरांची गाडी, दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम, रक्त तिथेच घेऊन अहवाल आशाताईंच्या हाती, आणि भरती झालेल्या मजुराला बुडालेल्या रोजाची भरपाई.

कापणी उरकली की ग्रामसभा भरेल. रस्ता, पाणी, दिवे यांच्याबरोबर तिथे गाडीचा वार आणि गोळ्यांचे महिने हे दोन विषय लेखी मांडा, आणि ठरावाची प्रत जोयड्याच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोहोचती करा.