पोटातले चिवट बिऱ्हाड



सकाळी गोठ्याचे दार उघडले की डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तो तुमच्या ओळखीचा आहे. गोमूत्रात युरिया असतो. जंतू तो फोडतात आणि त्याचा अमोनिया होतो. आपण भाताला पोत्यातला युरिया देतो, त्याचेही शेतात हेच होते. हीच युक्ती वापरून एक जंतू माणसाच्या जठरात बिऱ्हाड थाटतो. एरवी मी नागली-वरईवर लिहितो. आज पोटावर लिहितो आहे, कारण गेल्या वर्षी मीच त्याच्या तावडीत सापडलो.

या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरातले आम्ल इतके जहाल असते की अन्नाबरोबर गेलेले बहुतेक जंतू तिथे मरतात. हा मात्र आपल्याच अंगातला युरिया फोडून स्वतःभोवती अमोनिया करतो, आम्ल मारतो आणि जठराच्या बुळबुळीत अस्तरात शिरून बसतो. पूर्वी अल्सर म्हटले की तिखट आणि काळजी यांच्यावर खापर फुटत असे. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा जंतू वाढवून दाखवला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे पाणी स्वतःच पिऊन पोट बिघडवून घेतले! २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता खरी गंमत. आपले शरीर काही स्वस्थ बसत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी या जंतूवर जहाल फवारा मारतात. जखमेवर टाकल्यावर फसफसणारे हायड्रोजन पेरॉक्साइड तुम्ही पाहिले असेल. त्याच जातीची ही द्रव्ये. त्यांनी जंतूचा डीएनए तुटतो. डीएनए म्हणजे जंतूचे बियाणेच समजा. त्याचे सारे गुण त्यात असतात, आणि तो दोन पदरी दोरीसारखा पिळलेला असतो. एक पदर बिघडला तर दुसऱ्या पदरावरून तो पुन्हा भरता येतो. पण दोन्ही पदर तुटले तर? तेव्हा हा जंतू तुटलेली टोके साफ करतो, जवळच्या धड प्रतीशी ती जुळवतो आणि तिच्यावरून मधला भाग विणून काढतो. नुसती गाठ मारून भागवत नाही, सांधा लावतो.

शास्त्रज्ञांनी या दुरुस्तीची अवजारे काढून घेतलेले जंतू उंदरांच्या पोटात सोडून पाहिले. ते धड जंतूंपुढे टिकाव धरू शकले नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षे मुक्काम टिकतो तो दुरुस्तीच्या जोरावर. शिवाय याच्या डीएनएत चुकाही पुष्कळ राहतात, आणि शेजाऱ्याकडून नागलीचे बी उसने आणावे तसे तो दुसऱ्या जंतूच्या डीएनएचे तुकडेही उचलतो. त्यातूनच एखाद्याला औषध पचवण्याचा गुण येतो.

इथे माझी चूक सांगतो. डॉक्टरांनी १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. आठव्या दिवशी पोट शांत झाले, खरिपाच्या सभा सुरू होत्या, तोंडाला धातूसारखी कडू चव होती. मी गोळ्या सोडल्या. तुम्हाला तणनाशकाची पूर्ण मात्रा वापरा म्हणून सांगणारा मी! चार महिन्यांनी दुखणे परत आले, आणि त्या वेळच्या गोळ्या बदलून दुसऱ्या घ्याव्या लागल्या.

या गोळ्यांपैकी मेट्रोनिडॅझोल हे औषध जंतूचा डीएनएच तोडते. म्हणजे आपण तोडायचे आणि त्याने सांधायचे, अशी ती झुंज असते. मध्येच थांबलो की उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि उरतात ते बहुधा औषधाला दाद न देणारे. म्हणून आम्ल कमी करणारी गोळी आणि जंतुनाशके अशी तीन-चार औषधे एकदम देतात. हे औषध चालू असताना ताडी किंवा मोहाची घेऊ नये, उलट्या होऊ शकतात. (यावर कोण हसले ते मला ठाऊक आहे.)

घाबरून जाऊ नका. आपल्या देशात हा जंतू पुष्कळांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाही. काहींना मात्र अल्सर होतो, आणि थोड्यांना जठराचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली त्याला कर्करोगकारकांच्या यादीत घातले आहे. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून किंवा घाण पाण्यातून येतो. उन्हाळ्यात झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या बायांना स्वच्छतेचे व्याख्यान देणे मला जड जाते. तरी प्यायचे पाणी उकळा आणि बाळाला आपल्या तोंडात चावलेला घास भरवू नका.

पोटाच्या वरच्या भागात वारंवार दुखत असेल तर दुकानातून गोळी आणून भागवू नका. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेतल्यानेही अल्सर होतो; लावणीच्या दिवसांत त्या किती खपतात ते मी पाहतो. काळी डांबरासारखी शौचास झाली, उलटीत रक्त दिसले किंवा वजन उतरू लागले तर त्याच दिवशी जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. पुढे तपासणीला पाठवले तर तेही टाळू नका.

आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे असेल तर डॉक्टरांना निघायची तारीख आधी सांगा. १४ दिवस गावातच पुरे होत असतील तर उत्तम, नाहीतर सगळ्या गोळ्या आणि कागद बरोबर बांधून घ्या. औषध संपल्यावर चार आठवड्यांनी, जंतू गेला की नाही हे पाहण्याची तपासणी असते. त्या वेळी तुम्ही भट्टीवर असाल तर ती कुठे करायची, हेही निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.