वेग आधीं कीं वाट आधीं?

नामदेवरायांसाठीं देऊळ फिरलें, अशी आख्यायिका सांगणाऱ्या आमच्या औंढ्याकडे आगगाडी मात्र कधींच वळली नाहीं. इ. स. १९१२ मध्यें निजामाच्या राज्यांतील रेल्वेनें पूर्णेहून हिंगोलीस रूळ नेले, तेव्हांहि ते औंढ्यास बाजूला ठेवून वसमतवरून गेले. आजहि मुंबईकडे निघालेला औंढेकर एस. टी. नें परभणी गांठतो आणि फलाटावर मनमाडकडील गाडीची वाट पाहत बसतो. म्हणून परभणी-मनमाड मार्गाचें सुखदुःख तें आमचेंहि सुखदुःख आहे.

३० डिसेंबर २०२३ रोजीं सुरू झालेली जालना-मुंबई वंदे भारत गाडी ऑगस्ट २०२५ मध्यें नांदेडपर्यंत आली. त्या वेळीं सर्वत्र आनंद झाला, आणि तो योग्यच होता. मुंबईस उपचारासाठीं जाणाऱ्या रोग्याच्या आप्तांस त्या गाडीचें मोल विचारावें. परंतु विद्यार्थिमित्रहो, थोडा हिशेब करून पाहा. ताशी १६० किलोमीटर धावूं शकणारी ही गाडी नांदेड ते मुंबई हें सुमारें ६१० किलोमीटरांचें अंतर कापण्यास साडेनऊ तासांच्या आसपास घेते. म्हणजे सरासरी वेग ताशी ६५ च्या घरांत! याचें सारें खापर एकेरी रुळांवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. वाटेंत कसाऱ्याचा घाट आहे, थांबे आहेत, मुंबईजवळची दाटी आहे. तरीहि एकेरी मार्गावर अत्यंत वेगवान इंजिनासहि समोरून येणाऱ्या गाडीचा मान राखावा लागतो, हें कोणास नाकारतां येणार नाहीं.

एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधील टापूंत साधारणतः एका वेळीं एकच गाडी सोडतात. अशा मार्गावरून दिवसांत किती गाड्या जाऊं शकतील, हें काढण्याचें एक सूत्र आपल्या रेल्वेंत स्कॉट या नांवानें प्रसिद्ध आहे. ज्या टापूस सर्वांत अधिक वेळ लागतो तो निवडावा. सर्वांत मंद गाडीस तो ओलांडण्यास लागणारीं मिनिटें घ्यावीं. त्यांत सिग्नल वगैरे व्यवहाराचीं मिनिटें मिळवावीं. त्या बेरजेनें दिवसाच्या १४४० मिनिटांस भागावें. आणि उत्तराचे शेंकडा ७० धरावे. उदाहरणार्थ, १५ आणि ५ मिळून २० मिनिटें झालीं, तर भागाकार ७२ येतो, आणि हातीं सुमारें ५० गाड्या उरतात. त्याहि जाणाऱ्या व येणाऱ्या मिळून. त्या १५ मिनिटांचीं १० केलीं, तर तोच आंकडा ६७ होतो.

या सूत्रांत सर्वांत जलद गाडीस स्थानच नाहीं! ती ताशी १०० नें धावो वा १६० नें, मार्गाची क्षमता एका गाडीनेंहि वाढत नाहीं. ती वाढते मंद गाडीची गति वाढल्यानें, मध्यें नवीं क्रॉसिंग-स्थानकें झाल्यानें, आणि सर्वांत अधिक दुसरी वाट घातल्यानें. उलट गजबजलेल्या मार्गावर एक अतिजलद गाडी घुसविली, कीं तिला वाट देण्यासाठीं साध्या गाड्यांस बाजूच्या रुळावर उभें करावें लागतें. जलद प्रवाशाचा वांचलेला अर्धा तास अशा रीतीनें पॅसेंजरमधील विद्यार्थ्याच्या, शेतमजुराच्या आणि भाजीवालीच्या वेळांतून वळता होतो. आणि त्याची पावती कोणास मिळत नाहीं.

जपानांत टोकियो-ओसाकाचा जुना मार्ग गर्दीनें तुंबला, तेव्हां तेथील लोकांनीं त्याच रुळांवर वेगाचा हट्ट धरला नाहीं. त्यांनीं स्वतंत्र मार्ग बांधून १९६४ सालीं शिंकान्सेन सुरू केली. आपल्या मुंबईकडेहि ठाणे-दिवा दरम्यान पांचवी व सहावी वाट फेब्रुवारी २०२२ मध्यें खुली झाली, ती लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या वाटेंतून दूर व्हाव्या म्हणूनच.

आमच्या बाजूस मुदखेड ते परभणी हा टप्पा दुहेरी झाला आहे. परभणी ते छत्रपति संभाजीनगर या सुमारें १७७ किलोमीटरांच्या दुसऱ्या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळानें जुलै २०२५ मध्यें संमति दिली. संमति म्हणजे रूळ नव्हेत, हें पालकमंडळींस सांगावयास नको. लोकांनीं नवनव्या जलद गाड्यांसाठीं निवेदनें द्यावीं, त्यापूर्वीं या कामासाठीं द्यावीं, आणि ज्यांचीं शेतें त्यांत जातील त्यांस मोबदला वेळेवर मिळावा असेंहि त्यांत लिहावें, असें आमचें मत आहे. आणि दुसरी वाट झाली, कीं तिच्यामुळें मोकळा होणारा पहिला वेळ सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या, सकाळीं दहाच्या आंत परभणीस पोहोंचविणाऱ्या गाडीस द्यावा. सेलूच्या व मानवत रोडच्या फलाटांवर पुस्तकें घेऊन उभीं असलेलीं मुलें ज्या गाडीची वाट पाहतात, ती हीच होय.