लाइफटाइम म्हणजे कुणाची लाइफ?

खंडेनवमीला यंदा भाच्याच्या गॅरेजवर गेलो होतो. पिरंगुटच्या पुढे, घोटवडे फाट्याच्या जवळ त्याचा पत्र्याचा शेड आहे. दरवर्षीप्रमाणे धुतलेलं पोतं अंथरून त्यावर सगळी हत्यारं ओळीनं मांडली होती. रिंग पाने, फिक्स पाने, गोट्यांचा डबा, पक्कड, हातोडे, जॅक. प्रत्येकाला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. आणि या सगळ्यांच्या मधोमध, गणपतीला ठेवावी तशी पाटावर, एक बंद पडलेली रॅचेट!

"अरे, ही तर मोडली ना?" मी विचारलं.

"मोडली नाही मामा, थकली," भाचेराव म्हणाले. "पण मान तिचाच."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. म्हणून हा लेख. आमच्या नातेवाईक वाचकांपैकी निम्म्यांनी रॅचेट कधी हातात धरलेली नसेल. त्यांच्यासाठी आधी थोडक्यात.

साध्या पान्यानं नट फिरवायचा तर थोडा फिरवा, पाना काढा, परत लावा, परत फिरवा. रॅचेटला हा काढ-घाल प्रकार नाही. तिच्या डोक्यात एक दातेरी चाक असतं आणि त्यात अडकणारा एक छोटा खटका. एका बाजूला फिरवलं की खटका दातात रुततो आणि नट फिरतो. उलट बाजूला नेलं की खटका दातांवरून टकटक करत मागे सरकतो आणि नट जागेवरच राहतो. टोकाला हव्या त्या मापाची गोटी लावायची, झालं काम. आपल्या जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी देताना जो कर्रकर्र आवाज यायचा, तो याच तत्त्वाचा. अशा पान्याचं पेटंट अमेरिकेत व्हर्माँट राज्यातल्या रिचर्डसन नावाच्या गृहस्थानं १८६३ साली घेतलं. पुढे १९२० मध्ये जोसेफ जॉन्सन यांनी, गोट्या दहा आणि दांडे पाच, हे पन्नास पान्यांचं काम करतात असं सांगत स्नॅप-ऑन कंपनी काढली. मेकॅनिकचं जग तिथून बदललं.

आता मुद्द्याकडे. महागडी रॅचेट रोजच्या धंद्यात खरंच टिकते का? आणि पौड रस्त्यावर गॅरेज चालवणाऱ्या पोरानं ती घ्यावी का?

आमच्या घरात यावर महाभारत झालेलं आहे. भाच्यानं आयटीआय करून गॅरेज टाकलं तेव्हा बाजारातली सगळ्यात स्वस्त, बिननावाची रॅचेट घेतली होती. सहा-सात महिने बरी चालली. मग एक दिवस जोर लावत असताना आतला खटका दातावरून सटकला. नट जागेवरच राहिला आणि हात सगळ्या ताकदीनिशी रेडिएटरच्या पट्टीवर जाऊन आदळला. चार टाके पडले, आठ दिवस गॅरेज बंद. उजव्या हाताच्या बोटांवर तो व्रण अजून आहे. त्यानंतर त्यानं जी रॅचेट घेतली ती जर्मन बनावटीची, आणि किंमत ऐकून ताईनं डोक्याला हात लावला. "एवढ्यात फ्रिज आला असता," हे वाक्य आमच्याकडे पुढे दोन वर्षं पाहुण्यांसमोर म्हटलं जायचं. (ताई, हे वाचून फोन करशील, माहीत आहे. :) )

मी तेव्हा ताईच्या बाजूनं होतो. आज नाही. का ते सांगतो.

एक दिवस मी त्याच्याकडे नुसता बसून मोजत होतो. दिवसाला साधारण दीडशे नट-बोल्ट त्या एका रॅचेटखालून जातात. एका बोल्टला आठ हेलपाटे धरू, म्हणजे बाराशे हेलपाटे. तिच्या चाकाला ७२ दात, म्हणजे एका दाताला ५ अंश. अडचणीच्या जागेत हात ६० अंशच मागे जातो असं धरलं तर एका हेलपाट्याला १२ टकटक. दिवसाला १४,४००. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले तर ४३ लाखांच्या वर! माझा हिशोब अंदाजाचा आहे, निम्मा धरा हवं तर. तरी एका खटक्याकडून, एका केसाएवढ्या स्प्रिंगकडून आपण वर्षाला वीस लाख वेळा नोकरी करून घेतो. सुट्टी नाही, बोनस नाही.

घरी कपाटाला स्क्रू मारणारा माणूस आणि हा धंदेवाला, यांच्यात फरक हा. घरी वापरणाऱ्याला स्वस्त हत्यार जन्मभर पुरतं. त्यानं "माझं वीस वर्षं चाललंय" म्हणून धंदेवाल्याला सल्ला देऊ नये.

मग महागात वेगळं काय मिळतं? पोलाद क्रोम-व्हेनेडियमचं, हे तर स्वस्तवाल्यावरही कोरलेलं असतं. फरक पोलादाला पाणी किती नीट दिलंय त्यात असतो. दात फार कडक झाले तर टवका उडतो, नरम राहिले तर झिजून गोल होतात. दुसरं, दात आणि खटका यांची घडण. दात बारीक केले की अडचणीत काम सोपं होतं, पण एकेक दात नाजूक होतो. म्हणून चांगल्या रॅचेटमध्ये खटक्याचे अनेक दात एकाच वेळी चाकात रुतावेत अशी रचना असते. ते जमायला माप अचूक लागतं आणि पैसे त्या अचूकपणाचे असतात. भाच्याच्या भाषेत सांगायचं तर, "मामा, महागातली रॅचेट जोर लावताना फसवत नाही." चार टाके पडलेल्या माणसाचं हे मत आहे, मान्य करायला हवं.

पण मग ती थकली कशी?

इथे आपलं मुळशी मधे येतं. ताम्हिणीकडून पाऊस सुरू झाला की चार महिने शेडमध्ये सगळं ओलं. भातखाचरातून आलेले ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर लाल चिखलासकट उभे राहतात. तो चिखल हातावाटे रॅचेटच्या डोक्यात शिरतो. संध्याकाळी पोरं सगळी हत्यारं एकाच घमेल्यात डिझेलनं धुतात. चिखल जातो हे खरं, पण आतलं ग्रीसही जातं. मग कोरडा खटका, थोडी माती, थोडा गंज. खटका पूर्ण रुतत नाही, अर्धाच अडकतो, आणि अर्ध्या अडकलेल्या दातावर पूर्ण जोर येतो. स्वस्त असो वा महाग, मरण बहुतेक वेळा असंच येतं.

दुसरं मरण पाइपाचं. छोट्या गाडीच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन मीटरला आवळतात. पाव मीटर लांब दांड्यावर त्यासाठी ४० किलोचा जोर लागतो. गंजलेला नट हलेना की पोरगं दांड्यात पाऊण मीटरचा पाइप घालतं. तेवढ्याच जोरात आता ३०० न्यूटन मीटर झाले. त्यानंही होईना की सत्तर किलोचा गडी मीटरभर पाइपाच्या टोकावर उभा राहतो, म्हणजे जवळजवळ ७००. हे काम रॅचेटचं नाही. त्याला बिनदातांचा, नुसता भरीव लांब दांडा मिळतो. आधी त्यानं नट सैल करायचा आणि मग रॅचेटनं पटापट काढायचा. आमच्या आजीच्या भाषेत, नारळ फोडायला कोयता आणि भाजी चिरायला विळी. विळीवर नारळ आपटून विळी मोडली तर दोष विळीचा नाही.

भाच्याची रॅचेट साडेतीन वर्षं चालली आणि मग तिची आतली स्प्रिंग गेली. दात शाबूत, दांडा शाबूत. खोक्यावर "लाइफटाइम गॅरंटी" असं छापलेलं. आम्ही खूश! विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, बिल दाखवा. बिल होतं, पण ते यंत्रातून निघणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरचं. पावसाळ्यात ते कोरं झालं होतं. नंतर म्हणाले, फोटो पाठवा. मग म्हणाले, हत्यार पाठवा, वर कळवतो. मग म्हणाले, ही नैसर्गिक झीज आहे, ती गॅरंटीत बसत नाही. यात तीन महिने गेले. तीन महिने गॅरेज चाललं ते एका साध्या देशी रॅचेटवर, आणि ठीक चाललं हेही सांगायला हवं. नाशिकच्या सातपूरला टपारियाचा कारखाना आहे. १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं त्यांनी हत्यारं बनवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात त्यांचं काही ना काही सापडतंच. गेलं तर संध्याकाळी पुण्यात जाऊन दुसरं आणता येतं. हा टिकाऊपणाचाच एक प्रकार आहे, असं मला हल्ली वाटतं.

लाइफटाइमची गंमत अमेरिकेतही झालीच. तिथं सीअर्स दुकानाच्या क्राफ्ट्समन हत्यारांची आयुष्यभराची गॅरंटी प्रसिद्ध होती. हत्यार मोडलं तर दुकानात न्या, नवं घेऊन या. २०१७ मध्ये सीअर्सनं तो ब्रँडच विकला आणि २०१८ मध्ये स्वतः दिवाळखोरीत गेलं. लोकांचे पाने अजून धडधाकट, आणि गॅरंटी देणाऱ्याचीच लाइफ संपत आलेली!

मला वाटतं, आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. हत्यार किती वर्षं टिकेल, यापेक्षा ते बिघडल्यावर कुणाकडे न्यायचं, हा प्रश्न खरा. आपल्या गावगाड्यात नांगराचा फाळ जन्मभर चालायचा, तो काही लोखंड अमर होतं म्हणून नव्हे. वेशीजवळ लोहाराचा भाता चालू होता म्हणून. फाळ बोथटला की लोहार तापवून, ठोकून, पाणी देऊन परत करायचा. टिकाऊपणा अर्धा लोखंडात आणि अर्धा लोहारात होता. आपण महागडं लोखंड मागवलं, लोहार मात्र मागवला नाही.

आणि गंमत म्हणजे लोहाराची सोय त्या कंपन्यांनी करून ठेवलेली असते! चांगल्या जर्मन, अमेरिकन रॅचेटचा दुरुस्तीचा संच वेगळा मिळतो. त्यात चाक, खटका, स्प्रिंग असतं. आमच्या रॅचेटचाही कॅटलॉगमध्ये आहे. फक्त इथे कुणी ठेवत नाही. शेवटी तो स्टुटगार्टच्या आमच्या मावसबहिणीनं घेतला आहे आणि तो तिच्या बॅगेतून डिसेंबरात येणार आहे. (आभार गं!) किंमत मूळ रॅचेटच्या पाव हिश्शाहूनही कमी. पण घोटवडे फाट्यावरच्या प्रत्येक पोराला स्टुटगार्टला मावशी नसते.

२०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक पोर्टलही सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या, शेतीची अवजारं असा सगळा विचार त्यात आहे. चांगलंच आहे. पण ज्याच्या हातांनी या गाड्या दुरुस्त व्हायच्या, त्याच्या हातातल्या हत्याराच्या दुरुस्तीचं काय? दोनशे रुपयांच्या स्प्रिंगपायी हजारोंचं हत्यार पाटावर बसून पूजा घेत असेल, तर कुठेतरी चुकतंय.

म्हणून माझं मत असं. धंद्यात असाल तर सगळ्यात जास्त वापरात असलेलं एक हत्यार चांगल्यातलं घ्या, आपल्या बोटांसाठी घ्या. पण दुकानदाराला गॅरंटी विचारू नका, संच विचारा. "याचा खटका-स्प्रिंग तुमच्याकडे मिळेल का?" उत्तर 'नाही' आलं तर पैसे खिशात ठेवा आणि सातपूरची किंवा तशीच दुसरी घेऊन या. आणि घमेल्यातलं डिझेल रॅचेटला दाखवू नका. महिन्यातून एकदा डोकं उघडून पुसा, हलकं ग्रीस लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

ताईचं म्हणणं मी त्या दिवशी पुन्हा विचारलं. ती झेंडूच्या माळा ओवत होती. म्हणाली, "फ्रिज नंतर आलाच की. बोटं कुठून आणली असती?"

यावर आपण काय बोलणार... असो. डिसेंबरात संच बसवला की टकटक चालू झाल्याचं कळवीनच.