गव्हाच्या जातीचा हिशेब : उतारा, प्रथिन आणि पदरांत पडणारा पैसा

कार्तिक लागला कीं शेतकऱ्यांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : यंदा गहूं कोणता पेरावयाचा? उत्तरें देणारे पुष्कळ भेटतात. बियाण्याचा दुकानदार पिशवीवरील उताऱ्याचा आंकडा दाखवितो, शेजारी आपल्या बांधावरचा अनुभव सांगतो, आणि अलीकडे अमुक जातींत प्रथिन जास्त आहे म्हणून तीच घ्यावी, असें सांगणारेही निघाले आहेत. या तिन्ही उत्तरांत थोडथोडें तथ्य आहे. परंतु शेतकऱ्याला हवें असलेलें उत्तर त्यांपैकीं एकांतही पुरतें नाहीं. आमच्या मतें जातींची तुलना खर्च वजा जातां एकरीं किती रुपये हातीं राहिले, या एकाच आंकड्यानें झाली पाहिजे. आणि ती तशी करूं गेलें म्हणजे एक अडचणीची गोष्ट नजरेस येते. ज्या प्रथिनाची आज इतकी वाखाणणी चालली आहे, त्याला आपल्या बाजारांत मोलच नाहीं.

हिशेब मांडून पाहूं. समजा, एका शेतकऱ्याजवळ सारख्याच मगदुराचे दोन एकर आहेत. पहिल्या एकरांतील जातीचा उतारा 18 क्विंटल पडला व दाण्यांत प्रथिन शेंकडा 11 निघालें. दुसऱ्या एकरांतील जातीचा उतारा 16 क्विंटल, पण प्रथिन शेंकडा 13. बीं, खत, मेहनत व पाणी यांचा खर्च दोहोंकडे सारखा धरूं. सरकारनें 2026-27 च्या विक्री हंगामासाठीं गव्हाची किमान आधारभूत किंमत क्विंटलीं 2585 रुपये ठरविली. तोच भाव दोहोंस लावला, तर पहिल्या एकराचे 46,530 रुपये होतात आणि दुसऱ्याचे 41,360. म्हणजे दुसऱ्या एकरांत 5,170 रुपयांची खोट आली. आतां प्रथिन मोजा. पहिल्या एकरांतून 198 किलो निघालें, दुसऱ्यांतून 208 किलो. माणसाच्या पोषणाच्या दृष्टीनें जेथें अधिक पिकलें तेथेंच पैसा कमी आला. ही खोट भरून निघावयाची तर दुसऱ्या गव्हाला क्विंटलीं सुमारें 2908 रुपये, म्हणजे 323 रुपये अधिक मिळावयास पाहिजेत. हा 323 चा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें तो लागणार आहे.

हे अधिक रुपये देणार कोण? सरकारी खरेदीच्या अटी पाहिल्या तर त्यांत ओलावा शेंकडा 12 (त्यावर 14 पर्यंत किंमतींत कपात), काडीकचरा व माती शेंकडा पाऊण, सुकलेले व फुटके दाणे शेंकडा 6, अशा मर्यादा आहेत. प्रथिनाचा त्यांत उल्लेखही नाहीं. शिवाय महाराष्ट्रांतील बहुतेक गहूं सरकारी खरेदीला जातच नाहीं. तो बाजार समितीच्या आवारांत विकला जातो, आणि तेथें व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन, एखादा दाताखालीं फोडून भाव बोलतो. त्याच्या डोळ्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. ओलावा, भेसळ, टणकपणा, तेज हें त्याला बरोबर कळतें. परंतु शेंकडा 11 आणि शेंकडा 13 यांतील अंतर डोळ्याला दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याला भाव मिळत नाहीं.

डोळ्याचा अंमल किती जबर असतो याचें एक उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. 1966 सालीं मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचें बियाणें आलें, त्यांत लेर्मा रोहो 64 ही जात मुख्य होती. उतारा उत्तम, पण दाणा तांबूस. आपल्या लोकांस पिंवळट तेजाच्या दाण्याची संवय. तांबड्या गव्हाला त्यांनीं नाकें मुरडलीं. तेव्हां दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं सोनोरा 64 या जातीवर किरणांचा प्रयोग करून दाण्याचा रंग पालटविला व शरबती सोनोरा ही जात काढली. केवळ रंगासाठीं एवढा खटाटोप करावा लागला. उलट ऑस्ट्रेलियांत 'प्राइम हार्ड' या वर्गांत बसण्यास गव्हांत निदान शेंकडा 13 प्रथिन लागतें, आणि अमेरिकेंतील मिनीआपोलिसच्या बाजारांत प्रथिन वाढलें कीं भाव चढतो, कमी झालें कीं उतरतो. तेथील गहूं पावाच्या गिरण्यांकडे जातो, आणि पाव फुगण्यास कणकेंत ग्लुटेनचा चिवटपणा लागतो. आपल्या पोळीला तितका चिवटपणा नको, म्हणून आपला गिरणवाला प्रथिनाची चौकशी करीत नाहीं. त्याच्यापुरतें तें रास्तच आहे. पोळी खाणाराचा प्रश्न मात्र निराळा आहे.

हें आम्ही रोडपालींत बसून लिहीत आहों, आणि गव्हाविषयीं रोडपालीहून कोणी लिहावें याचें कित्येकांना हंसूं येईल. पनवेल तालुक्यांतील हा खाडीकडचा मुलूख भाताचा; भात निघाल्यावर ओलीवर वाल, आणि गहूं म्हणाल तर विकत आणलेला. भाताच्या बाबतींत या मुलखानें आपला धडा पूर्वींच घेतला होता. 1966 चा आय. आर. 8 आणि 1968 ची जया यांचा उतारा जुन्या कोळंबापेक्षां पुष्कळ अधिक. पण दाणा जाड, सबब भाव कमी. ज्यानें उतारा व भाव यांचा गुणाकार केला त्यालाच खरें उत्तर मिळालें. पुढें 1970 सालीं सिडको स्थापन झाली, कळंबोलीची वसाहत उठली, आणि खाचरांच्या जागीं इमारती आल्या. आज रोडपाली पनवेल महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. येथें देशावरचीं, खानदेशचीं, वऱ्हाडचीं माणसें बिऱ्हाडें करून राहतात, आणि तीं पोळी खातात. वाशीचा धान्यबाजार येथून दूर नाहीं. येथें गहूं पिकत नाहीं हें खरें. पण ज्या स्वयंपाकघरांसाठीं निफाडचा किंवा कोपरगांवचा शेतकरी गहूं पिकवितो, तीं हींच.

उन्हाळ्यांत वर्षाचा गहूं भरणारीं घरें अद्याप पुष्कळ आहेत. गृहिणी दुकानांत जाऊन 'लोकवन आहे काय? सिहोर कसा दिला?' असें विचारते. लोकवन म्हणजे मूळची लोक-1; गुजरातेंत सणोसरा येथील लोकभारती संस्थेंत ती जात निघाली आणि तिच्या पोळीनें नांव मिळविलें. त्या नांवाखालीं आज विकला जाणारा सारा गहूं त्याच जातीचा असतो असें नाहीं, हें शेतकरीही जाणतो आणि दुकानदारही. गृहिणी बापडी नांवावर विश्वास ठेवून पैसे मोजते. म्हणजे नांवाला पैसे मोजण्यास गिऱ्हाईक तयार आहे. नांवामागें काय आहे तें मात्र त्याला कोणी सांगत नाहीं.

आतां तो 323 चा आंकडा घेऊं. पांच माणसांच्या घरांत रोज दीड किलो कणीक लागते असें धरलें, तर वर्षाला सुमारें साडेपांच क्विंटल गहूं लागेल. शेंकडा 11 ऐवजीं 13 प्रथिनाचा गहूं घेतला तर त्या घरांत वर्षाकाठीं 11 किलो प्रथिन अधिक येईल. तूरडाळींत शेंकडा 22 च्या आसपास प्रथिन असतें. म्हणजे हें 50 किलो डाळीइतकें झालें. गव्हाच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असल्यामुळें तें डाळीच्या तोडीचें नव्हे, म्हणून निम्मेंच धरूं : 25 किलो डाळ. आणि क्विंटलीं 323 रुपयांप्रमाणें त्या घरानें अधिक दिले किती? सुमारें 1,777 रुपये. म्हणजे डाळ 71 रुपये किलोनें पडली. तूरडाळ या दरानें मिळते काय, हें वाचकांनीं आपल्याच घरीं विचारून पाहावें. शेतकऱ्याची खोट भरून निघते आणि गिऱ्हाइकाचाही फायदा होतो, असा हा व्यवहार आहे. तो होत नाहीं याचें कारण एवढेंच, कीं मध्यें प्रथिन मोजणारा कोणी नाहीं.

मात्र शेंकडा प्रथिन हा आंकडा एकटा घेतला तर तो फसवितो, हें येथेंच सांगितलें पाहिजे. दाणा भरण्याच्या वेळीं ऊन कडक झालें किंवा पाणी तुटलें, म्हणजे दाण्यांत पिठूळ अंश कमी भरतो, दाणा सुरकुततो आणि प्रथिनाचें शेंकडा प्रमाण आपोआप चढतें. असा गहूं प्रयोगशाळेंत उत्तम ठरेल व बाजारांत चिपाड म्हणून मार खाईल. उशिरा पेरलेल्या गव्हाची पुष्कळदां हीच गत होते. शिफारशीप्रमाणें नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा साधला नाहीं, तर पुढें दर पंधरवड्याला हेक्टरीं सुमारें अडीच क्विंटल, म्हणजे एकरीं एक क्विंटल उतारा घटतो. एका पंधरवड्याच्या दिरंगाईची किंमत वरच्याच भावानें 2585 रुपये झाली! जातींची चर्चा करीत बसून ज्यांची पेर लांबते, त्यांनीं हा आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

प्रथिन हें पुष्कळसें नत्रावर अवलंबून असतें. बन्सी गव्हाच्या दाण्यावर पांढुरके, पिठूळ चट्टे दिसूं लागले, तर नत्र कमी पडलें असें समजावें. रव्यासाठीं खरेदी करणारा असा माल घेत नाहीं, किंवा भाव पाडून घेतो. नत्राचा कांहीं भाग ओंबी निसवण्याच्या सुमारास दिला, तर उतारा फारसा वाढत नाहीं, प्रथिन मात्र वाढतें. अर्थात् त्या जादा खताचा खर्च ज्याला प्रथिन हवें त्यानें द्यावा. बन्सीच्या खरेदीदारानें आधीं तसा भाव कबूल केला नसेल, तर शेतकऱ्यानें त्या फंदांत पडूं नये.

आतां प्रत्यक्ष जातींकडे वळूं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या दोन जाती शेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत. बागायती एम. ए. सी. एस. 6478 हिचा उतारा संस्थेनें हेक्टरीं 45 ते 60 क्विंटल व प्रथिन शेंकडा 14 सांगितलें आहे. सातारा जिल्ह्यांतील करंजखोप येथील शेतकऱ्यांचा अनुभव त्यास आधाराला दिला जातो. जिरायती बन्सी एम. ए. सी. एस. 4028 हिचें प्रथिन शेंकडा 14.7, उतारा हेक्टरीं 19.3 क्विंटल. एकरीं पाहिलें तर पहिलीचे 18 ते 24 क्विंटल, दुसरीचे पावणेआठच्या आसपास. यावरून दोन गोष्टी निघतात. उतारा वाढला म्हणजे प्रथिन घटलेंच पाहिजे, असा कांहीं नियम नाहीं. जुन्या जातींत पुष्कळदां तसें दिसे, पण पैदासकारांनीं दोन्ही गुण एकत्र आणून दाखविले आहेत. दुसरें असें, कीं ज्याच्या विहिरींत पाणी नाहीं त्यानें 60 क्विंटलांच्या आंकड्याकडे पाहून भुलूं नये. त्या आंकड्यामागें पांच-सहा पाळ्या पाणी, पुरतें खत आणि वेळेवरची पेर उभी असते. जिरायत शेतकऱ्याला पावणेआठ क्विंटलच खरे, कारण त्यांत पाण्याचा खर्च नाहीं.

निफाडचें गहूं संशोधन केंद्र 1932 पासून या कामीं आहे. तेथील त्र्यंबक व तपोवन या जाती वेळेवरच्या बागायती पेरीसाठीं, एन. आय. ए. डब्ल्यू. 34 उशिराच्या पेरीसाठीं, फुले समाधान दोन्हींसाठीं, आणि एक-दोन पाण्यावर भागवावयाचें असेल तर नेत्रावती, केवळ ओलीवर पंचवटी. ऊंस किंवा सोयाबीन उशिरां निघणाऱ्या शेतांत त्र्यंबक टोचून मग तिला दोष देणें हा तिच्यावर अन्याय आहे.

सांगली, साताऱ्याकडील खपलीची गोष्ट वेगळी. उतारा कमी, मळणी झाली तरी दाण्यावर टरफल राहतें, तें काढतांना वजन घटतें. पण शहरांत भाव साध्या गव्हाहून पुष्कळ अधिक मिळतो. येथें एकच सावधगिरी : उतारा टरफलासह मोजावयाचा आणि भाव टरफल काढलेल्या दाण्याचा लावावयाचा, ही चूक कागदावर फार होते. सडून निघालेल्या दाण्याचें वजन घ्या, सडण्याची मजुरी वजा करा, आणि मग बागायती गव्हाशीं तुलना करा. आणि गिऱ्हाईक पेरणीपूर्वीं ठरलेलें नसेल तर घरच्या पोळीपुरतीच खपली पेरावी.

आमच्या संघानें काय करावें तें सांगतों. दाणा न दळतां मिनिटभरांत प्रथिन व ओलावा दाखविणारीं यंत्रें आतां मिळतात. एकेका शेतकऱ्याला तें झेपणार नाहीं, संघाला झेपेल. तें घ्यावें. एका जातीचा, एका पेरीचा माल वेगळा ठेवावा, पोत्यावर जात, हंगाम आणि शेंकडा प्रथिन छापावें, आणि रोडपाली-कळंबोलीसारख्या वस्तींतील गृहनिर्माण संस्थांना फाल्गुन-चैत्रांत थेट पुरवावा. यांत निवडणें, नवें पोतें, वाहतूक, हमाली हा खर्च येतो, आणि तो त्या 323 रुपयांच्या वर मिळाला पाहिजे. तेवढें अधिक देणारें गिऱ्हाईक मिळत नसेल, तर सभासदांनीं अधिक उताऱ्याची जात पेरून बाजार समितीचा रस्ता धरावा, त्यांत कमीपणा नाहीं. पहिल्या वर्षीं फार मोठा घाट घालूं नये. ज्यांस मान्य असेल त्या सभासदांनीं मळणी होतांच दोन किलो नमुना स्वच्छ पिशवींत आणावा व सोबतच्या चिठ्ठींत जात, पेरणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, खताची मात्रा, एकरीं उतारा आणि मिळालेला भाव लिहावा. भाव लिहिण्यास पुष्कळांना संकोच वाटतो, परंतु त्या एका रकान्यावांचून बाकीचे सारे रकाने निरुपयोगी होतील.