फुटबॉल बंद करून ईर्षा थांबणार नाही



कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल सामन्यांत होणाऱ्या हुल्लडबाजीबद्दल आपल्या अंकात आलेली पत्रे वाचली. बहुतेकांचा सूर एकच: गर्दीला डोके नसते, तेव्हा स्पर्धा बंद करा, नाहीतर रिकाम्या गॅलरीत खेळवा. मला हे अजिबात मान्य नाही. बेभान गर्दीचा हा सिद्धांत फ्रान्सच्या गुस्ताव ल बाँने १८९५ मध्ये मांडला. शहरातला माणूस कुणाला ओळखत नाही, म्हणून गर्दीत मोकाट सुटतो, असे त्याच्या जोडीला सांगितले जाते. पण कोल्हापूरच्या गॅलरीत अनोळखी कोण असतो? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस या संघांचे समर्थक एकमेकांना नावाने आणि गल्लीने ओळखतात. तालमीचा संघ हरला की पेठ हरली असे इथे मानतात. आपली ईर्षा ओळखीतून पेटते, आणि पोराला चार शब्द सुनावून घरी पाठवण्याची ताकदही तालमीतल्या वडीलधाऱ्यांकडेच आहे.

गर्दी मुळातच हिंसक असेल तर ती सगळीकडे सारखीच वागायला हवी. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालमध्ये काय घडले ते पाहा. इंग्लंडचे समर्थक तेव्हा युरोपभर बदनाम होते. सामने असलेल्या शहरांत पोलिसांनी क्लिफर्ड स्टॉट यांच्यासारख्या अभ्यासकांच्या सल्ल्याने वेगळी पद्धत वापरली. नेहमीच्या गणवेशातले पोलीस दोन-दोनच्या जोडीने गर्दीत फिरत, बोलत, चुकणाऱ्यालाच बाजूला घेत. दंगलविरोधी पथक नजरेआड उभे असे. ती शहरे शांत राहिली. त्याच दिवसांत अल्बुफेरा या किनाऱ्यावरच्या गावात दंगल झाली. समर्थक इंग्लंडचेच, स्पर्धा तीच; मात्र तिथला बंदोबस्त दुसऱ्या दलाकडे होता आणि ही पद्धत तिथे नव्हती. हा फरक नजरेआड करून ‘आजकालची पोरंच बिघडलीत’ म्हणणे सोपे आहे, पण त्याने पुढचा सामना सुरक्षित होत नाही. बेकारी, वस्तीची उपेक्षा ही कारणे इयन टेलर, एरिक डनिंग यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी फार पूर्वी मांडली आहेत आणि ती खरीही आहेत. पण लाठी कधी उगारायची, हे आजच्या आज ठरवता येते.

दुसऱ्या संघाच्या समर्थकांना प्रवेशच देऊ नका, असा एक तोडगा सुचवला जातो. इंडोनेशियात मलंगच्या कांजुरुहान स्टेडियमवर १ ऑक्टोबर २०२२ रोजी नेमके तेच केले होते. पाहुण्या सुराबाया संघाच्या समर्थकांना बंदी होती, गॅलरीत फक्त यजमान अरेमाची माणसे होती. संघ हरल्यावर काही जण मैदानात उतरले आणि पोलिसांनी गॅलरीवरच अश्रुधूर सोडला. स्टेडियमवर असा वायू वापरू नये, असा फिफाचा नियम असताना! लोक जिन्यांवरून खाली धावले, अरुंद आणि बंद दारांपाशी चिरडले गेले. १३५ माणसे गेली, आणि हाणामारी करायला समोर प्रतिस्पर्धी समर्थक नव्हतेच.

कुणी १९८५ च्या हेझेल स्टेडियमवरच्या दुर्घटनेकडे बोट दाखवील. तिथे लिव्हरपूलचे समर्थक चालून गेले आणि ३९ जणांचा जीव गेला, हे खरेच आहे. चालून जाणाऱ्या समर्थकांपैकी १४ जणांना न्यायालयाने दोषी ठरवले, तेही योग्यच झाले. दगड मारणाऱ्याला माझी सहानुभूती नाही. त्याच्यावर नावानिशी गुन्हा दाखल व्हावा. पण त्याच घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षे बंदी होती, आणि बंदी चालू असतानाच १९८८ मध्ये इंग्लंडच्या समर्थकांनी जर्मनीत धुडगूस घातला.

आता थोडे वृत्तपत्र व्यवसायाबद्दल. इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमवरच्या १९८९ च्या दुर्घटनेत ९७ जणांनी प्राण गमावले आणि काही वृत्तपत्रांनी चार दिवसांतच दारुड्या समर्थकांवर खापर फोडले. चूक पोलिसांच्या नियोजनाची होती, समर्थकांची नव्हती, हा ज्युरीचा निर्णय यायला २०१६ उजाडले. आपल्याकडेही राड्याचा फोटो मोठा आणि गोल करणाऱ्या खेळाडूचा कोपऱ्यात, असेच छापले जाते. ज्या पोराला आपली टोळी पेपरात झळकवायची आहे, त्याला यातून काय शिकवण मिळते?

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन (केएसए) आणि पोलिसांना माझी विनंती आहे. सामना संपण्यापूर्वी किती दारे उघडली जातात, प्रत्येक दारावर कोण उभे असते आणि हुल्लडबाजीच्या मागच्या गुन्ह्यांत किती जणांना शिक्षा झाली, हे हंगामापूर्वी जाहीर करा. प्रत्येक तालमीची चार जबाबदार माणसे गॅलरीत पोलिसांसोबत उभी करा. हे करून पाहिल्याशिवाय स्पर्धा बंद करण्याची भाषा कुणी काढू नये.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर