बेरीज का चुकली?

यंदा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च प्रथमच संगणकावर, एक्सेलच्या तक्त्यात मांडला. पावतीपुस्तकांची बेरीज ४१,३०४ रुपये. पडद्यावर मात्र ३९,८०१! वृद्ध खजिनदारांनी काही न बोलता स्वतःचे पाकीट काढले, तेव्हा आम्हां सर्वांनाच ओशाळल्यासारखे झाले.

उणे पडलेले १,५०३ रुपये म्हणजे ५०१ च्या तीन वर्गण्या. त्या तीन चौकटींत लिहिणाऱ्याने सवयीने '५०१/-' असे लिहिले होते. कागदावर हे चिन्ह आकड्यापुढे कोणी भर घालू नये म्हणून असते. यंत्र मात्र त्यामुळे सारी नोंदच मजकूर समजते, आणि बेरजेचे 'सम' हे सूत्र मजकूर मुकाट्याने वगळते. चूक झाल्याची सूचनाही देत नाही, हे अधिक वाईट.

वाचकहो, चौकटीत संख्या उजवीकडे टेकतात, मजकूर डावीकडे. प्रथम तेवढे पाहावे. (मांडणी कोणी हाताने बदलली असल्यास ही खूण फसते.) 'काउंट' हे सूत्र केवळ संख्या मोजते, 'काउंटए' भरलेल्या सर्व चौकटी. आमच्या रकमांच्या रकान्यात या दोहोंत नेमका तिनाचा फरक निघाला.

तिन्ही चिन्हे पुसताच बेरीज जुळली. खजिनदारांनी पाकीट खिशात ठेवले आणि चहा मागविला.